गिअरचा फोटो जपानला फॅक्सने: तीनदा पाठवला तेव्हा कुठे दिसला

मोबाईलमधला फोटो फॅक्सने कसा पाठवायचा, फोनमधून किंवा कॉम्प्युटरवरून डायरेक्ट फॅक्स जातो का, असं विचारणाऱ्यांसाठी आमचा हा अनुभव. मामाचा पुण्यात नारायण पेठेत छोटा प्रेस आहे. वाड्याचा तळमजला, त्यात एक सिंगल कलर ऑफसेट, एक कटिंग मशिन आणि कोपऱ्यात एक जुनी ट्रेडल, जी आता फक्त नंबरिंग आणि क्रीझिंगपुरती चालते. ऑफसेट जपानी आहे, सेकंडहँड घेतलेली, मामाच्या भाषेत "माझ्या लग्नाआधीची". तर ऐन लग्नपत्रिकांच्या सीझनला तिच्या फीडरकडच्या, म्हणजे कागद आत घेणाऱ्या भागाच्या, एका गिअरचे दोन दात गेले.

आता गिअर म्हटलं की पुण्यात कोणीही सांगेल भोसरीला जा, आणि मामा गेलेही. पण हा साधा गिअर नव्हता, त्याच्या अंगालाच एक कॅम होता, म्हणजे फिरताना कागद कधी उचलायचा ते ठरवणारा उंचवटा, एकाच तुकड्यातला. गिअर कटिंगवाला माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला दात मी काढून देतो, पण कॅम झिजलाय, यावरून नवा काढला तर झीजसुद्धा जशीच्या तशी कॉपी होईल, कागद उचलायचं टायमिंग बोंबलेल, ओरिजिनल मिळतो का बघा.

मामाची मुलगी जपानी शिकते, त्या भाषेच्या परीक्षेची एन थ्री पातळी झाली आहे तिची. तिने शोधाशोध करून जपानमधला एक जुन्या प्रिंटिंग मशिनच्या स्पेअर पार्टचा व्यापारी हुडकला. वेबसाईट म्हणजे एकच पान, त्यावर फोन नंबर, फॅक्स नंबर आणि एक चौकशीचा फॉर्म, जो प्रिंट काढून, हाताने भरून फॅक्स करायचा. ईमेल नाहीच. आपल्याला हसू येतं पण तिकडे यात काही विशेष नाही. हजारो कांजी अक्षरं टाईप करण्यापेक्षा हाताने लिहून फॅक्स करणं सोपं होतं म्हणून तिथे फॅक्स घराघरात गेला आणि मग टिकलाच. २०२१ मधे सरकारनेच मंत्रालयांमधून फॅक्स काढायचं मनावर घेतलं तर खात्यांकडूनच शेकडो हरकती आल्या.

फॉर्मवर तीन गोष्टी मागितल्या होत्या: मशिनचं मॉडेल, सिरीयल नंबर, आणि पार्टचा "फोटो किंवा स्केच". आम्ही फक्त फोटो एवढंच वाचलं. माझीच चूक, कारण मी आयटीतला म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं आणि मला वाटलं फोटो तर मोबाईलमधे आहेच, दहा मिनिटांचं काम.

पहिला दिवस नुसता फॅक्स कुठून करायचा यातच गेला. अप्पा बळवंत चौकात चार झेरॉक्सवाल्यांना विचारलं. दोघांच्या पाटीवर अजून "एसटीडी आयएसडी फॅक्स" लिहिलेलं आहे, त्यातल्या एकाकडे मशिनही आहे पण त्याच्यावर पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा ठेवलेला, लाईन कधीच काढून टाकलेली. तिसऱ्याने मला "कशाला?" असं विचारलं आणि मी सांगेपर्यंत त्याचा इंटरेस्ट संपला होता. पेठेतला दुकानदार, चालायचंच.

मग आठवलं की प्रेसमधल्या ऑल इन वन प्रिंटरला फॅक्सचं बटण आहे. लँडलाईन पण आहे, पण ती आता फायबरवाली, म्हणजे राऊटरच्या मागे फोनची वायर लावलेली. आधी आयएसडी बंद होतं, ते चालू करून घेतलं. ००, मग ८१, मग त्यांच्या एरिया कोडमधला सुरुवातीचा शून्य काढून बाकीचा नंबर. दुपारी चार वाजता लावला तर नुसता वाजत राहिला, नंतर लक्षात आलं की जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, तिकडे साडेसात वाजून गेले होते, म्हातारबाबा दुकान बंद करून घरी. त्यांचे नऊ म्हणजे आपले पहाटे साडेपाच, आणि त्यांचे पाच म्हणजे आपले दीड. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, शिट्टी वाजली, दोन्ही मशिनं एकमेकांशी बोलायला लागली आणि अर्ध्या पानावर कम्युनिकेशन एरर. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे कारण मोबाईलवाल्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे. फॅक्स म्हणजे मूळात आवाज आहे, मोडेमची ती किरकिर. जुन्या तांब्याच्या लाईनवर तो आवाज जसाच्या तसा पलीकडे जायचा. फायबरवरच्या फोनला आवाजाचे तुकडे करून इंटरनेटच्या पाकिटांमधून पाठवतात, आणि एखादं पाकीट हरवलं तर माणसाच्या कानाला कळतही नाही, पण मोडेमचं वाक्यच तुटतं. त्यात कंपनीने जागा वाचवायला कोडेक, म्हणजे आवाजाचा डेटा आवळून लहान करणारी पद्धत, लावला असेल तर विषयच संपला. यासाठी टी.३८ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, फॅक्स ओळखून त्याचा डेटा नीट नेणारं, पण ते वाटेतल्या प्रत्येकाने पाळावं लागतं. आमच्या लाईनवर ते आहे का असं मी कस्टमर केअरला विचारलं तर पलीकडचा मुलगा म्हणाला सर राऊटर रिस्टार्ट करून बघा.

मोबाईलचं पण तसंच. "फोनमधून डायरेक्ट फॅक्स जातो का" तर नाही जात, कारण मोबाईलच्या कॉलचा कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोडेमच्या किरकिरीचा तो चुराडा करतो. फॅक्सची जी ॲप असतात ती तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर चढवतात आणि तो सर्व्हर त्याच्या लाईनवरून पलीकडच्या मशिनला फोन लावतो. म्हणजे तुम्ही फॅक्स करत नाही, तुम्ही फॅक्स करणाऱ्याला फोटो देता. कॉम्प्युटरचं म्हणाल तर विंडोजमधे फॅक्स अँड स्कॅन नावाचा प्रोग्रॅम असतो, पण त्याला फॅक्स मोडेम आणि खरी फोन लाईन लागते, आणि लॅपटॉपमधून मोडेम जाऊन जमाना झाला. त्यामुळे शेवटी आम्ही पण पैसेवाली ऑनलाईन सेवाच घेतली. फुकटवाल्या असतात पण त्या दोनचार पानांवर अडवतात, वर कव्हर पेजवर स्वतःची जाहिरात चिकटवतात. आणि एक सांगतो, गिअरचा फोटो ठीक आहे पण आधार किंवा पासबुकचा फोटो अशा फुकट ठिकाणी चढवू नका, तो कोणाच्या सर्व्हरवर पडून राहील काही सांगता येत नाही.

तर फोटो. मी गिअर मशिनजवळच्या टेबलावर ठेवला, वरून ट्यूबलाईट, मोबाईलने खटाखट चार फोटो काढले. आयफोनची फाईल त्या सेवेने घेतलीच नाही, जेपीजी करून दिली. सकाळी आठला पाठवलं. एका मिनिटाच्या आत "यशस्वी" असा मेसेज. मी खूष, मामा खूष, मामींनी पोहे टाकले.

दुसऱ्या दिवशी बहिणीने त्यांना फोन लावला. बराच वेळ हाय हाय चाललं होतं (म्हणजे जपानीतलं हो हो) आणि मग तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "दादा, ते म्हणतायत माक्कुरो."

"म्हणजे?"

"काळंकुट्ट."

झालं असं होतं. मोबाईलचा फोटो म्हणजे १२ मेगापिक्सेल, ४००० बाय ३००० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला लाखो रंगांपैकी कुठलाही एक. फॅक्सला यातलं काहीच कळत नाही. नेहमीचा फॅक्स, ज्याला ग्रुप ३ म्हणतात, ज्याचं स्टँडर्ड १९८० मधे ठरलं आणि आजही तेच चालू आहे, तो कागदाच्या रुंदीत १७२८ ठिपके मोजतो आणि प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. करडा नाही. उभ्यात साध्या मोडला मिलिमीटरला ३.८५ ओळी, फाईन मोडला ७.७. कलर फॅक्सचं पण स्टँडर्ड आहे, पण दोन्हीकडची मशिनं ते मानणारी लागतात, त्या भरवशावर राहू नका. म्हणजे वंगणाने माखलेला काळपट गिअर, काळपट टेबलावर, वर ट्यूबलाईटची सावली, हे सगळं त्या सर्व्हरने "निम्म्यापेक्षा गडद ते काळं" या हिशोबाने कापलं आणि एक काळा ठोकळा जपानला रवाना झाला. आणि "यशस्वी" याचा अर्थ एवढाच की पलीकडच्या मशिनने पान घेतलं, त्या पानावर काय दिसतंय याच्याशी त्या मेसेजचा काही संबंध नाही.

गंमत म्हणजे मला ते आधीच कळायला हवं होतं. फॅक्समधे फोटो एका मिनिटात जात नसतो. फॅक्स पाठवताना ठिपके एकेक करून पाठवत नाहीत, "इतके पांढरे, मग इतके काळे" असे मोजून पाठवतात. कोऱ्या कागदावर चार ओळी असतील तर ते झटपट होतं. अख्खं पान काळं असेल तरी झटपट होतं, कारण "सगळे काळे" म्हणायला कितीसा वेळ लागतो. फोटो पटकन गेला म्हणून मी खूष झालो, खरं तर तेच वाईट लक्षण होतं.

मग मी माझं ज्ञान काढलं. म्हटलं करडा रंग नाही ना, मग डिदर करू, म्हणजे काळ्यापांढऱ्या बारीक ठिपक्यांच्या दाटीविरळीने करड्याचा भास निर्माण करायचा. गिंप या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅममधे इमेजचा मोड इंडेक्स्ड करून काळापांढरा एक बिटचा पर्याय घेतला की खाली फ्लॉइड-स्टाइनबर्ग म्हणून डिदरची एक पद्धत मिळते. स्क्रीनवर एक नंबर दिसत होतं, दात न दात. पाठवलं. या वेळी एका पानाला आठ मिनिटं लागली आणि मला वाटलं चला, हा खरा फोटो.

बहिणीचा फोन. "दादा, ते म्हणतायत कापड पाठवलंय का?"

इथे दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे मी ठिपके पाडले ते ३००० रुंदीवर. सेवेने ते पान १७२८ वर आणलं, म्हणजे माझे ठिपके तिच्या ठिपक्यांच्या जाळीत बसेनात, आणि दोन जाळ्या एकमेकांवर ठेवल्या की जशी नागमोडी नक्षी दिसते तशी पानभर विणल्यासारखी नक्षी आली. दुसरं म्हणजे ती आठ मिनिटं. फॅक्सची ती मोजून पाठवायची पद्धत अशा बारीक ठिपक्यांवर उलटते. एक पांढरा आणि एक काळा असे शेजारचे दोन ठिपके, नुसते पाठवले तर २ बिट, पण फॅक्सच्या मोजणीचा जो मूळचा कोड आहे, हफमन कोड, त्यात एकट्या पांढऱ्याला ६ आणि एकट्या काळ्याला ३, म्हणजे ९ बिट. फाईन मोडचं ए फोर पान तसंच्या तसं पाठवलं तरी साधारण ३९ लाख बिट, सेकंदाला ९६०० बिटच्या स्पीडला जवळपास सात मिनिटं. आणि आपण कॉम्प्रेस करून ते वाढवतोय! पुढच्या काळातल्या पद्धती जरा बऱ्या आहेत, पण बारीक ठिपके त्यांनाही फारसे पचत नाहीत, आणि जितका वेळ लांबतो तितकी लाईन मधेच तुटायची भीती.

हे सगळं मी मामांना कागदावर काढून समजावत होतो. ते ऐकत होते, हातात मळकट फडकं, आणि मधेच म्हणाले, "अरे म्हणजे हाफटोनच की हे."

आणि मग ते जे सुरू झाले. ऑफसेटच्या आधी लेटरप्रेस असताना चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे ठसे, करून घ्यायला जायचे तेव्हा दोन प्रकारचे ब्लॉक असायचे, लाईन ब्लॉक आणि हाफटोन ब्लॉक. सही, लोगो, नकाशा, रेघांचं चित्र असेल तर लाईन. फोटो असेल तर हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांचा, आणि त्यातही कागद बघून स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी, ठरवायची. आर्ट पेपरला बारीक स्क्रीन चालते, पण न्यूजप्रिंटला इंचाला ६५ ओळींची जाड स्क्रीन, कारण खरखरीत कागदावर बारीक ठिपका भरतो, मग सगळा चिखल. "तुझा फॅक्स म्हणजे न्यूजप्रिंटपेक्षा वाईट कागद आहे असं समज. आणि त्यांनी फोटो किंवा स्केच म्हटलंय, तर तू फोटोच्या मागे का लागलास?"

मी फॉर्म परत वाचला. खरंच, स्केच.

मामांचा तो हिशोब मी नंतर मांडून बघितला, चोख बसतो. फॅक्सचे इंचाला साधारण २०० ठिपके. ६५ ची स्क्रीन घेतली तर एका मोठ्या ठिपक्याला तीन बाय तीनची चौकट मिळते, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत १० छटा. ५० ची घेतली तर चार बाय चार, १७ छटा, पण चित्र आणखी ठोकळेबाज. गिअरला १० छटा खूप झाल्या.

तिसऱ्या वेळेला त्यामुळे सगळं मामांच्या पद्धतीने झालं, मी फक्त हमाल. गिअर आधी रॉकेलने धुतला (रॉकेल कुठून मिळालं हे विचारू नका), पुसला, आणि त्याच्यावर खडूची पूड चोळली म्हणजे धातूची चमक मरते आणि कडा उठून दिसतात. गॅलरीत सावलीत, ऊन थेट येणार नाही अशा ठिकाणी, पांढऱ्या मॅपलिथो कागदाच्या शीटवर ठेवला. शेजारी स्टीलची पट्टी. बरोब्बर वरून फोटो, वाकडा नाही. पार्श्वभूमी उडवून कोरी पांढरी केली, कॉन्ट्रास्ट ताणला, आणि ते पान फाईन मोडच्याच मापाला, १७२८ रुंदीला आणलं, मग त्यावर ६५ ची स्क्रीन. कोरी पार्श्वभूमी असल्यामुळे पानाचा तीन चतुर्थांश भाग "सगळे पांढरे" मधे जातो, वेळही वाचतो. सेवेच्या सेटिंगमधे फाईन निवडायचं, आणि "इमेज फिट" सारखं काही असेल तर ते बंद, नाहीतर परत माप बदललं की परत कापड.

पाठवायच्या आधी तपासायची एक सोपी युक्ती सापडली: तयार झालेलं पान प्रेसच्या साध्या लेझर प्रिंटरवर काढलं आणि त्या प्रिंटचा परत झेरॉक्स काढला. झेरॉक्समधे दात मोजता आले म्हणजे फॅक्समधे येतील असा अंदाज. शास्त्रीय नाही, पण मोबाईलच्या झकास स्क्रीनवर बघून खूष होण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

नेमप्लेटचं काय केलं ते तर मला फारच आवडलं. ती ॲल्युमिनियमची पट्टी, अक्षरं उठावाची, फोटोत नुसती चमक यायची आणि ३ आहे का ८ ते कळायचं नाही. मामांनी त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली, लहानपणी आपण नाण्यावर घासायचो तसं. आकडे लख्ख आले. मग त्यावरून काळ्या पेनाने गिरवलं. मोबाईलच्या डॉक्युमेंट स्कॅनमधला काळापांढरा फिल्टर अशा कागदाला अगदी बरोबर चालतो, तो बनवलाच आहे कागदासाठी, वस्तूसाठी नाही.

आणि स्केच. गिअर कागदावर ठेवून बाजूने पेन्सिल फिरवली, कॅमचा आकार, भोक, चावीची खाच, तुटलेले दात तुटक रेघेने. दातांची संख्या, बाहेरचा व्यास, जाडी, भोकाचा व्यास, सगळं व्हर्नियरने मोजून आकड्यात. रेघा जाड, पॉइंट आठच्या पेनाने, कारण बारीक रेघ फॅक्समधे मधेच तुटते. खाली १०० मिलिमीटरची एक पट्टी आखली, हा मामांचा हट्ट. मी म्हटलं मापं लिहिलीत की. म्हणाले असू दे.

तीन पानं, वर बहिणीच्या हस्ताक्षरात जपानी मजकूर आणि प्रत्येक पानावर "३ पैकी १" वगैरे. सकाळी साडेसातला पाठवलं, म्हणजे त्यांचे अकरा. पहिली दोन पानं मिळून दोन मिनिटांच्या आत गेली, फोटोच्या पानाला साडेतीन लागली. दुपारी बहिणीने फोन केला तर त्या दुकानदार आजोबांनीच आधी मॉडेल नंबर म्हणून दाखवला आणि पार्ट आहे म्हणाले, एकच शिल्लक.

बँकेतून पैसे पाठवणं, कस्टमची ड्युटी, हे सगळं झालं, ती वेगळी कटकट, त्यात फॅक्सचा काही संबंध नाही. पार्सल आलं. गिअर जुन्या जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणि त्याच्याबरोबर घडी घातलेली आमचीच तीन पानं, त्यांच्या मशिनमधून थर्मल कागदावर निघालेली. म्हणजे आपण पाठवलेला फॅक्स पलीकडे कसा दिसला हे प्रत्यक्ष बघायला मिळालं, असं फार कमी वेळा होतं. फोटोचं पान बरं होतं, दात मोजता येत होते, पण त्याच्यावर पेनाची एकही खूण नव्हती. नेमप्लेटच्या कागदावर सिरीयल नंबरला गोल. आणि स्केचचं पान लाल पेन्सिलने भरलेलं, प्रत्येक मापासमोर टिक, आणि खालच्या १०० च्या पट्टीसमोर लिहिलं होतं ९६. वरती पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळेची ओळ छापायला जागा हवी म्हणून त्यांच्या मशिनने अख्खं पानच जरा आवळलं होतं. पट्टी नसती तर त्यांनी गिअर चित्रावर ठेवून बघितला असता आणि म्हटलं असतं हा तो नव्हे, मोठा आहे.

मामा ते पान बराच वेळ बघत होते. बहीण म्हणाली आपण हे लॅमिनेट करून भिंतीला लावू, आणि समोरच्या लॅमिनेशनवाल्याकडे निघालीसुद्धा, तर मामा आतून ओरडले, "अगं थर्मल आहे ते, गरम केलंस तर सगळं काळं होईल." मग झेरॉक्स काढला आणि तो मशिनच्या फाईलला लावला.